सी शिकायला घेतलंय? लॅबमध्ये नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमाच्या आणि बीएस्सीच्या मुलांना सी शिकवताना दर बॅचला तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. कोडातले शब्द आपण लॅबमध्ये बोलतो तसे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत आणि लहान अक्षरांतच टाका. सीच्या लेखी लहान आणि कॅपिटल अक्षरं वेगवेगळी. प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या 'मेन' फंक्शनचा एम कॅपिटल टाकलात तर लिंकर, म्हणजे कोडाचे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम, मेन सापडलं नाही म्हणून अडून बसतो.

आधी सी शिकू की पायथन?

चार दिवसांत काहीतरी चालतं करून दाखवायचं असेल तर पायथन. संगणकाच्या पोटात काय चाललंय हे बघायचं असेल, एम्बेडेडमध्ये (यंत्रांच्या आतल्या छोट्या संगणकांच्या कामात) जायचं असेल, किंवा अभ्यासक्रमात सीच आहे म्हणून इलाज नसेल तर सी. ज्याला आपण रोज 'पायथन' म्हणून चालवतो तो इंटरप्रिटरही, म्हणजे पायथनचा कोड चालवणारा प्रोग्रॅमही, सीमध्येच लिहिलेला आहे. लिनक्सचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), एसक्यूलाइट हा डेटाबेस आणि कोडातले बदल सांभाळणारं गिट हेही बहुतांशी सीमध्येच आहेत. दोन्ही भाषा एकदम सुरू करू नका. मुलं पायथनमध्ये सेमीकोलन टाकतात आणि सीमध्ये विसरतात.

ही भाषा आली कुठून? आणि नाव एका अक्षराचं का?

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ती घडवली. त्याआधी तिथे केन थॉम्पसन यांची 'बी' नावाची भाषा होती. बीच्या पुढचं अक्षर सी. १९७३ मध्ये युनिक्सचं कर्नल सीमध्ये नव्याने लिहिलं गेलं. एका विशिष्ट यंत्राच्या असेंब्लीत अडकलेली ऑपरेटिंग सिस्टिम त्यामुळे दुसऱ्या यंत्रांवर नेणं सोपं झालं. पहिलं अधिकृत मानक १९८९ चं. त्यानंतर सी९९, सी११, सी१७ आणि सी२३ आली. कॉलेजात शिकवतात ती बरीचशी १९८९ ची सी असते, आणि सुरुवातीला तेवढी पुरते.

आमच्या लॅबमध्ये टर्बो सीची निळी स्क्रीन आहे. तीच घरी टाकू का?

नको. बोर्लंड कंपनीचं टर्बो सी १९८७ मध्ये आलं, म्हणजे पहिल्या मानकाच्याही आधी. ते डॉसचं आहे. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर ते थेट चालत नाही, डॉसबॉक्समध्ये घालून चालवावं लागतं. कंट्रोल-एफ९ दाबा, ऑल्ट-एफ५ दाबून आउटपुट बघा, मग परत या. ही सवय पुढे कुठेच उपयोगी पडत नाही.

शिवाय त्यातल्या काही गोष्टी मानक सीमध्ये नाहीतच. क्लिअर-स्क्रीन आणि गेट-सी-एच ही फंक्शनं ज्या कोनिओ हेडरमधून येतात ते हेडर लिनक्सवर सापडणार नाही. 'व्हॉइड मेन' लिहायची पद्धतही तशीच. मानकाप्रमाणे मेन इंट, म्हणजे पूर्णांक, परत करतं, म्हणून 'इंट मेन' लिहा आणि शेवटी रिटर्न ० द्या. परीक्षकांना व्हॉइडच हवं असेल तर पेपरात ते लिहा आणि गुण घेऊन मोकळे व्हा. त्यावर वाद घालायला तीन तासांचा पेपर ही जागा नाही.

मग काय बसवू?

जीसीसी. हा कंपायलर, म्हणजे तुमचा कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम. उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज टाकलं की झालं. विंडोजवर कोडब्लॉक्स घ्या, पण 'मिंगडब्ल्यू'सकट (म्हणजे विंडोजवरच्या जीसीसीसकट) येणारी आवृत्ती उतरवा, नाहीतर कंपायलरच नसतो आणि 'रन' दाबल्यावर काहीच होत नाही. व्हीएस कोड हा नुसता एडिटर आहे, कंपायलर वेगळा बसवावा लागतो. यात पहिल्या आठवड्यातला अर्धा वर्ग अडकतो. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स टाकून त्यात क्लँग हा कंपायलर बसवता येतो. मोबाइलच्या कीबोर्डवर महिरपी कंस शोधताना जीव जातो, पण चालतं.

बसवल्यावर एक सवय पहिल्याच दिवसापासून लावा: जीसीसी चालवताना 'डॅश-वॉल' हा पर्याय द्या. त्यात डब्ल्यू कॅपिटल असतो. मग कंपायलर एररसोबत शंकाही बोलून दाखवतो. खाली सांगितलेल्या निम्म्या चुका हा पर्याय तुमच्या आधी पकडतो.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. जमेल का?

१९८९ च्या सीमध्ये कीवर्ड आहेत फक्त ३२. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, इंट, रिटर्न एवढ्यांवर पहिले दोन महिने निघतात. अडचण येते ती एरर वाचताना, आणि तिथेही शब्द ठरावीकच असतात. 'अनडिक्लेअर्ड' आलं की व्हेरिएबल घोषित केलेलं नाही किंवा स्पेलिंग चुकलंय. 'एक्स्पेक्टेड' आलं की त्या जागी काहीतरी हवं होतं, बहुतेक वेळा सेमीकोलन किंवा कंस. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणजे फंक्शनचं नाव माहीत आहे, पण त्याचा कोड सापडला नाही. लिनक्सवर स्क्वेअर रूट वापरताना हे हमखास येतं, कारण गणिताची लायब्ररी 'डॅश-एल-एम' लिहून जोडावी लागते.

एरर आली की मुलं ती न वाचताच हात वर करतात. आधी मोठ्याने वाचा. आणि पहिलीच एरर वाचा. खालच्या चाळीस बहुधा तिचीच पिल्लं असतात.

ज्या ओळीवर एरर दाखवतोय ती ओळ बरोबरच आहे. असं का?

वरची ओळ बघा. सेमीकोलन नसेल तर कंपायलरच्या दृष्टीने विधान संपलेलंच नाही, तो पुढे वाचत जातो आणि जिथे अडखळतो ती ओळ दाखवतो.

टक्केवारी काढली तर ० येतेय. प्रोग्रॅम तर बरोबर आहे!

या प्रश्नावर माझं फार प्रेम आहे.

एका बॅचला मी साधा प्रोग्रॅम दिला होता: ६०० पैकी गुण घ्या, टक्के छापा. एका मुलीने ४३३ टाकले आणि सूत्र लिहिलं, ४३३ / ६०० * १००. आउटपुट ०.००. तिने व्हेरिएबलही फ्लोट, म्हणजे दशांशाचं, घेतलं होतं, म्हणून ती जास्तच वैतागली.

घडतं असं. ४३३ आणि ६०० दोन्ही इंट. सीमध्ये इंटला इंटने भागलं की उत्तरही इंटच येतं, अपूर्णांक कापला जातो. ४३३ भागिले ६०० म्हणजे ०.७२, तो कापून उरलं ०. त्याला १०० ने गुणलं तरी ०. हे सगळं झाल्यावर ते शून्य फ्लोटमध्ये ठेवलं गेलं. भांडं मोठं घेतलं म्हणून आधीच सांडलेलं दूध परत येत नाही.

मी म्हटलं, १०० चा गुणाकार आधी घे. तिने ४३३ * १०० / ६०० केलं आणि उत्तर आलं उणे ३७. सगळी लॅब हसली. मीही गडबडलो, मग लक्षात आलं. आम्ही टर्बो सीवर होतो. त्यात इंट दोन बाइटचा, कमाल ३२७६७. ४३३०० त्यात मावत नाही. त्यातून ६५५३६ वजा होऊन उणे २२२३६ झाले, त्याला ६०० ने भागून उणे ३७. घरी जीसीसीवर तोच प्रोग्रॅम ७२ दाखवतो, कारण तिथे इंट साधारणपणे चार बाइटचा असतो. पण बरोबर उत्तर ७२.१७ आहे, आणि तेही मिळालं नाहीच.

इलाज सोपा: १०० ऐवजी १००.० लिहा आणि ते पुढे घ्या, ४३३ * १००.० / ६००. एक जरी आकडा दशांशाचा असला की पुढचा हिशेब दशांशात होतो.

म्हणजे इंटला मर्यादा आहे? कळणार कसं की ती ओलांडली?

कळत नाही, हीच तर पंचाईत. फॅक्टोरियलचा, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम सगळेच लिहितात. चार बाइटच्या इंटची कमाल २१४७४८३६४७. १२ चा फॅक्टोरियल ४७९००१६००, तो मावतो. १३ चा खरा फॅक्टोरियल ६२२७०२०८०० आहे, पण स्क्रीनवर सहसा १९३२०५३५०४ दिसतं. मोठा, अधिक चिन्हाचा, अगदी खरा वाटणारा आकडा. मुलं तो जर्नलमध्ये उतरवतात आणि सहीही मिळते. टर्बो सीमध्ये ८ लाच उणे २५२१६ येतं. त्यात निदान उणे चिन्ह बघून शंका तरी येते.

मोठ्या आकड्यांसाठी 'लाँग लाँग' घ्या, मग २० पर्यंत निभावतं. २१ ला तेही भरतं.

याच मर्यादेचं जगभर गाजणारं उदाहरण म्हणजे २०३८. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ज्या जुन्या यंत्रणा चार बाइटच्या, अधिक-उणे चिन्ह असलेल्या पूर्णांकात मोजतात, त्यांचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भरेल. आपल्या घड्याळात तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं झालेली असतील.

= आणि == मध्ये नेमका फरक काय?

एक चिन्ह म्हणजे 'ठेव', दोन म्हणजे 'सारखं आहे का'. पैकीच्या पैकी मिळालेल्यांची नावं छापायला कोणी इफमध्ये (गुण = १००) लिहिलं, की प्रत्येकाच्या गुणांत आधी १०० भरले जातात. १०० म्हणजे शून्य नाही, आणि सीमध्ये जे शून्य नाही ते खरं. सगळा वर्ग पैकीच्या पैकी. एरर येत नाही. डॅश-वॉल दिलं असेल तर वॉर्निंग येते.

स्कॅनएफमध्ये ते & कशाला? आणि कधीकधी स्कॅनएफ थांबतच नाही, असं का?

प्रिंटएफ छापतं, त्याला किंमत हवी असते, ती दिली की काम झालं. स्कॅनएफ कीबोर्डवरून वाचतं, त्याला किंमत कुठे ठेवायची ती जागा हवी असते. & म्हणजे 'याचा पत्ता'. तो विसरलात तर व्हेरिएबलमध्ये असलेला कचरा पत्ता समजून स्कॅनएफ तिकडे लिहायला जातो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एंटरमध्ये आहे. तुम्ही वय टाकून एंटर दाबता. %डी आकडा उचलतो, एंटर मागे रेंगाळतो. पुढच्या ओळीत %सी असेल तर तो त्या एंटरलाच अक्षर समजून घेतो आणि पुढे निघतो. %सीच्या आधी, अवतरणाच्या आत, एक स्पेस सोडा. ती मागचे एंटर आणि स्पेस गिळून टाकते.

लूप वाचताना कळतं, लिहिताना डोकं चालत नाही.

पेन्सिल घ्या. १ ते ५ ची बेरीज करणारा लूप घ्या आणि दोन रकाने काढा, आय आणि सम. १ आणि १, २ आणि ३, ३ आणि ६, ४ आणि १०, ५ आणि १५. मग आय ६ होतो, अट खोटी ठरते, बाहेर. याला ड्राय रन म्हणतात. तो कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही. स्क्रीनकडे तासभर बघून न सापडलेली चूक वहीत पाच मिनिटांत सापडते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आता त्याच फॉरच्या कंसानंतर चुकून सेमीकोलन टाका आणि पुन्हा रकाने भरा. लूप पाच वेळा नुसताच फिरतो, आय ६ होतो, आणि खालची बेरीज एकदाच होते. उत्तर १५ ऐवजी ६. हे कागदावर एकदा स्वतः काढलंत की ती चूक परत होत नाही. झाली तरी आउटपुट बघताच ओळखू येते.

ॲरे ० पासून का मोजतात?

कारण कंसातला आकडा म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर. पहिला घटक सुरुवातीलाच आहे, म्हणून अंतर ०. ॲरे म्हणजे एकसारख्या घरांची रांग; दहाचा घेतला तर घरं ० ते ९. १० नंबरच्या घरात लिहिलंत तर सी अडवत नाही. शेजारच्या जागेत कोण राहत होतं त्याच्यावर पुढचं सगळं अवलंबून.

फंक्शनमध्ये दोन व्हेरिएबलची अदलाबदल केली, पण मेनमध्ये ती आहेत तशीच आहेत. आणि पॉइंटर म्हणजे काय ते एकदा नीट सांगा.

हे दोन प्रश्न एकच आहेत, म्हणून एकत्र घेतो.

सातबारा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही फंक्शनला ए आणि बी देता तेव्हा उताऱ्याची झेरॉक्स देता. फंक्शन त्या झेरॉक्सवर हवी तेवढी खाडाखोड करतं आणि संपताना ती फाडून टाकतं. मूळ दप्तरात एक अक्षर बदलत नाही. म्हणून मेनमधले आकडे तसेच राहतात.

आता झेरॉक्स न देता एका चिठ्ठीवर गट नंबर लिहून द्या. ज्याच्या हातात चिठ्ठी आहे तो त्या जमिनीवर जाऊन प्रत्यक्ष पीक बदलू शकतो. ही चिठ्ठी म्हणजे पॉइंटर. गट नंबर म्हणजे मेमरीतला पत्ता. & म्हणजे 'या जमिनीचा गट नंबर सांग', आणि * म्हणजे 'या गट नंबरच्या जमिनीवर जा'. अदलाबदलीच्या फंक्शनला &ए आणि &बी द्या, आत *पी आणि *क्यू यांची अदलाबदल करा, झालं काम.

चिठ्ठी आणि जमीन या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं धरून ठेवा. चिठ्ठीवर दुसरा नंबर लिहिला म्हणून जमीन हलत नाही. एकाच जमिनीच्या चार चिठ्ठ्या चार जणांकडे असू शकतात. आणि चिठ्ठी नुसती घेतली, तिच्यावर काही लिहिलंच नाही, तर ती कोरी नसते. आधीच्या कोणाचा तरी नंबर तिच्यावर असतो. तो बघून तुम्ही नांगर घेऊन गेलात तर दुसऱ्याच्या शेतात. म्हणून पॉइंटर घेताना त्यात पत्ता भरा किंवा नल ('कुठेच नाही', हा शब्द मात्र पूर्ण कॅपिटलमध्ये) ठेवा.

मुलांचा गोंधळ होतो त्याला थोडी भाषाही जबाबदार आहे. 'इंट *पी' असं घोषित करताना * चा अर्थ 'पी ही चिठ्ठी आहे' एवढाच. पुढे कोडात *पी आलं की अर्थ 'तिथे जा'. एकाच चिन्हाला दोन कामं. त्यात गुणाकारही तोच.

सेगमेंटेशन फॉल्ट?

दुसऱ्याच्या शेतात गेलात आणि राखणदाराने धरलं. ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅम तिथेच बंद करते. चिडू नका, पकडले गेलात हे बरं. न पकडता चुकीच्या जागी लिहून पुढे गेलेला प्रोग्रॅम शोधायला कितीतरी अवघड. नलवर जाणं, ॲरेच्या बाहेर जाणं आणि स्कॅनएफमधला & विसरणं हे तिघे नेहमीचे संशयित.

सर गेट्स वापरायला सांगतात, कंपायलर वापरू नको म्हणतो. कोणाचं ऐकू?

कंपायलरचं. गेट्स हे टाइप केलेली ओळ वाचणारं फंक्शन, आणि त्याला तुमचा ॲरे केवढा आहे ते माहीतच नसतं. वापरणारा टाइप करत राहील तेवढं ते ओतत राहतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला तेव्हा त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक नेमकी हीच होती: एका सेवेत ५१२ बाइटची जागा आणि ती भरायला गेट्स. सी११ मध्ये हे फंक्शन मानकातूनच काढून टाकलं. एफ-गेट्स वापरा, त्यात मर्यादा सांगता येते. मात्र ते शेवटचा एंटरही स्ट्रिंगमध्ये (अक्षरांच्या मालिकेत) घेऊन येतं, तो नको असेल तर काढावा लागतो.

मराठीत नाव छापता येईल का?

येतं. अवतरणात सरळ देवनागरी लिहा, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. लिनक्सच्या टर्मिनलवर सहसा अक्षरं उमटतात. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत मात्र चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसतात.

गंमत पुढे आहे. 'पुणे' ही स्ट्रिंग लांबी मोजणाऱ्या एसटीआर-लेन फंक्शनला द्या. आपल्या मते अक्षरं दोन. उत्तर येतं १२. कारण ते फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते. प, उकार, ण आणि मात्रा असे चार तुकडे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक तुकडा तीन बाइटचा. शेवटच्या शून्य बाइटसाठी आणखी एक धरला तर ॲरे किमान १३ चा हवा. रोमन लिपीतल्या चार अक्षरांच्या पुण्याला ५ पुरतात. स्ट्रिंग उलटी करायचा प्रोग्रॅम मराठी शब्दावर चालवून बघा, मधोमध तुटलेले बाइट उलटे होऊन स्क्रीनवर प्रश्नचिन्हं येतात.

आय = आय++ + ++आय चं उत्तर किती? पेपरात येतं.

एकाच विधानात एक व्हेरिएबल असं दोन-तीनदा बदललं तर काय व्हावं, हे सीच्या मानकाने ठरवलेलंच नाही. टर्बो सी एक उत्तर देईल, जीसीसी दुसरं देऊ शकेल, आणि दोघंही नियमात बसतात. पेपरात आलंच तर शिकवलेलं उत्तर लिहा. स्वतःच्या कोडात अशी ओळ लिहू नका.

माझा प्रोग्रॅम मित्राच्या लॅपटॉपवर बरोबर उत्तर देतो, माझ्याकडे भलताच आकडा येतो. लॅपटॉप बिघडलाय का?

लॅपटॉप ठीक आहे. वरती 'इंट सम' लिहून थेट त्यात बेरीज सुरू केली असणार. फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये सी स्वतःहून ० ठेवत नाही, त्या जागेत आधी जे पडलेलं असेल तेच राहतं. मित्राकडे तिथे योगायोगाने ० होतं. 'सम = ०' करा आणि पुन्हा चालवा. मित्रालाही करायला सांगा.